पाहुण्याचे दुखणे

मराठी माणसाला पाहुण्यांचे प्रकार शिकवावे लागत नाहीत. तिथिवार न कळवता येतो तो अतिथी, बोलावल्यावाचून येतो तो आगंतुक, मान राखला नाही तर वर्षभर बोलून दाखवतो तो व्याही. आणि "सहज इकडून चाललो होतो" असे म्हणत येऊन जो चार दिवस मुक्काम ठोकतो, त्याला आपण तोंडावर काहीच म्हणत नाही. पण आपण पाहुणे आहोत हेच ज्याला ठाऊक नाही, ज्या घरात आपण बसलो आहोत ते आपल्याच मालकीचे आहे अशी ज्याची बालंबाल खात्री आहे, असा पाहुणा वयाची चाळिशी उलटेपर्यंत माझ्या पाहण्यात नव्हता. तो मला संगणकात भेटला. त्याचे नाव लिनक्स. गेल्या दीड वर्षात मी त्याची इतकी दुखणी काढली आहेत की, एखाद्या सुनेने ती सासऱ्याची काढली असती तर गल्लीत तिचा सत्कार झाला असता.

यजमान आणि पाहुणा हे शब्द मी लालित्यासाठी वापरते आहे असे समजू नका. संगणकाच्या शास्त्रातच होस्ट आणि गेस्ट असे म्हणतात, आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणतात. एका खऱ्या संगणकावर एक आज्ञावली बसवायची आणि तिने दुसऱ्या एका संगणकाचे सोंग आणायचे, अशी ही करामत आहे. त्या सोंगाला प्रोसेसर असतो, मेमरी असते, डिस्क असते, पडदा असतो. हाताला लागेल असे मात्र त्यात काहीच नसते. त्याची सारी डिस्क म्हणजे यजमानाच्या डिस्कवरची एक लठ्ठ फाइल. या सोंगातल्या यंत्रावर मग दुसरी एखादी प्रणाली नांदायला येते आणि आपण खऱ्याखुऱ्या यंत्रावर आहोत अशा समजुतीने संसार थाटते.

ही कल्पना काही कालपरवाची नाही. अमेरिकेतल्या केंब्रिज गावी आयबीएमच्या विज्ञानकेंद्रात ती १९६० नंतरच्या दशकात आकाराला आली. त्या काळी संगणक म्हणजे खोली भरून उरणारा हत्ती. तो प्रत्येकाच्या दारात बांधणे कोणालाच परवडत नव्हते. तेव्हा हत्ती एकच पाळायचा आणि प्रत्येकाला मात्र "हा तुझाच" असे भासवायचे, अशी तोड त्या लोकांनी काढली. १९७२ साली त्यांची व्हीएम/३७० ही प्रणाली आली. १९७४ साली पोपेक आणि गोल्डबर्ग या दोघांनी या सोंगाचे शास्त्र मांडले. सोंग चांगले केव्हा म्हणायचे, तर पाहुण्याच्या घरातली कोणतीही आज्ञावली खऱ्या यंत्रावर जशी वागली असती तशीच तिथेही वागली पाहिजे. फरक पडलाच तर तो साधनसामग्रीच्या तुटवड्याचा आणि वेळेचा. वेळेचा हा अपवाद वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्यानेच मला दोन रात्री जागवले आहे. मेजावरच्या लहान संगणकावर ही करामत १९९९ च्या सुमारास उतरली. माझ्याकडे आहे ती व्हर्च्युअलबॉक्स नावाची आज्ञावली २००७ साली आली. आणि लिनक्सचा जन्म १९९१ सालचा, हेलसिंकीतल्या लिनस टोरव्हाल्ड्स नावाच्या एका विद्यार्थ्याच्या हातून झालेला. आज्ञा देताना एक अक्षर चुकले तर तो ऐकत नाही, एवढा एक दोष सोडला तर फार सालस प्राणी.

आता मराठीच्या प्राध्यापिकेला हा उपद्व्याप कोणी सांगितला होता? त्याचे कारण म्हणजे आमच्या सरांचे शब्द. सर वाईजवळच्या एका खेड्यातले. आयुष्यभर त्यांनी त्या भागातल्या घरातले, शेतातले, गोठ्यातले शब्द गोळा केले. निवृत्तीनंतर, १९९० नंतरच्या दशकात, हौसेने संगणक घेतला आणि सगळा संग्रह स्वतः बसून टंकित केला. पण तेव्हा युनिकोडचा प्रसार नव्हता. त्या काळच्या टंकात मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असत. तो विशिष्ट टंक संगणकात असला तर 'शिंके' दिसायचे, नसला तर रोमन अक्षरांचा नुसता कचरा. सर गेले, त्यांचा संगणक गेला, फायली तेवढ्या उरल्या. त्या उघडल्या तर एक शब्द वाचता येईना.

त्या युनिकोडमध्ये आणायच्या म्हणजे एका अक्षराच्या जागी दुसरे ठेवले की झाले, असे कोणालाही वाटेल. तसे नाही. जुन्या टंकात 'कि' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी आणि क नंतर, म्हणजे डोळ्यांना दिसते त्या क्रमाने. युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने, क आधी आणि वेलांटी मागून. रफाराची गत याच्या उलटी. आमचा एक माजी विद्यार्थी, जो मराठीच्या तासाला मागल्या बाकावर बिनदिक्कत पेंगत असे, आता जर्मनीत संगणकाच्या कामावर आहे. त्याने हे सारे उलटसुलट करणारी एक आज्ञावली लिनक्सवर लिहिली आणि सुटीत आला तेव्हा सबंध पाहुणाच बांधून, पेनड्राइव्हवर घालून मला आणून दिला. "मॅडम, यात सगळं आहे. फक्त सुरू करायचं," असे म्हणाला. 'फक्त' या शब्दयोगी अव्ययासारख्या वाटणाऱ्या क्रियाविशेषणावर एकदा स्वतंत्र निबंध लिहिला पाहिजे.

पाहुणा सुरू झाला, पण पडद्याच्या मधोमध पोस्टकार्डाएवढ्या चौकटीत. बाहेरून उचललेला मजकूर आत ठेवता येईना, आतला बाहेर येईना. माउसचा बाण एकदा चौकटीत शिरला की बाहेर यायचे नाव घेईना. (उजव्या हाताची कंट्रोलची कळ दाबली की सुटतो. हे ज्याला कोणी सांगितलेले नसते त्याचा तास-दीड तास मजेत जातो.) आमच्या सासूबाई मागे उभ्या राहून पाहत होत्या. त्यांना मी थोडक्यात समजावून सांगितले. त्या म्हणाल्या, "म्हणजे पाहुणा माजघरात कोंडलाय आणि दार बाहेरून लावलंय. अगं, मग त्याला हाक तरी कशी ऐकू जाणार?"

निदान अचूक होते. यजमान आणि पाहुणा यांच्यामध्ये निरोप्याचे काम करण्यासाठी गेस्ट ॲडिशन्स नावाची सामग्री पाहुण्याच्या घरात बसवावी लागते. पडदा किती मोठा करायचा, कापलेला मजकूर कसा पोचवायचा, यजमानाच्या कोणत्या फोल्डरात पाहुण्याने हात घालायचा, घड्याळ कोणते धरायचे, ही सारी देवघेव तिच्यामार्फत चालते. आता हा निरोप्या लिनक्सच्या गाभ्याशी, म्हणजे कर्नलशी, बेतून शिवलेला असावा लागतो. कर्नलची नवी आवृत्ती आली की जुना सदरा अंगाला होत नाही; तो नव्याने शिवायचा तर नव्या कर्नलची मापे, म्हणजे हेडर्स, घरात हवीत आणि कंपायलर हा शिंपीही हवा. यातले एक नसले तरी काल चांगला चाललेला पाहुणा आज पुन्हा पोस्टकार्डावर येतो. २०१८ पासून यातला बराच भाग हळूहळू लिनक्सच्या मूळ गाभ्यातच सामावला गेला, त्यामुळे नव्या पाहुण्यांची ही तक्रार पुष्कळ कमी झाली आहे. माझा पाहुणा जुन्या वळणाचा होता. पण त्याच्याकडे एक जुन्या वळणाचा शहाणपणाही होता: लिनक्स नवा कर्नल घेतला तरी जुना लगेच टाकून देत नाही. सुरू होताना शिफ्टची कळ दाबून धरली की यादी दिसते, तीतून कालचा कर्नल निवडायचा, काम भागवायचे आणि शिंपीकाम सवडीने करायचे. आमच्या घरी नवी कढई आली तरी जुनी माळ्यावर जाते, ती याच न्यायाने.

सामायिक फोल्डर दिसतो आहे पण उघडत नाही, ही दुसरी तक्रार. तिला औषध सोपे. पाहुण्याच्या घरात व्हीबॉक्सएसएफ नावाचा एक गट असतो, त्यात आपले नाव घालायचे आणि एकदा बाहेर पडून पुन्हा आत यायचे. हे पुन्हा आत येणे लोक विसरतात आणि औषधाला नावे ठेवतात.

घड्याळाचे प्रकरण मात्र मजेचे. एका सोमवारी पाहुण्याने नवी सामग्री घ्यायचे साफ नाकारले. त्याचे म्हणणे असे की, भांडाराने पाठवलेली यादी 'अजून वैध झालेली नाही'. ती वैध व्हायला अजून कित्येक तास आहेत. उद्याची तारीख घातलेला धनादेश बँकेने परत करावा तशातला प्रकार. मी भांडारावर संशय घेतला, जोडणीवर घेतला. अखेर पाहुण्यालाच वेळ विचारली. तो म्हणाला, शनिवार, दुपारचे तीन. शनिवारी दुपारी तीनला मी त्याला थोपवून ठेवले होते. दोन दिवस यजमानाच्या घरी सूर्य उगवला, मावळला, पाणी आले, गेले. पाहुणा मात्र डोळे उघडून उठला तो शनिवारातच, आणि त्याच्या दृष्टीने ती यादी खरोखरच भविष्यातून आलेली होती. त्याचे काय चुकले? निरोप्या आजारी असल्यामुळे खरी वेळ त्याला कोणी सांगितलीच नव्हती. पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी वेळेचा अपवाद का करून ठेवला ते मला त्या रात्री समजले. या सोंगात सगळे हुबेहूब वठवता येते. काळ तेवढा वठवता येत नाही.

तेव्हापासून मी एक पद्धत धरली. पाहुणा कण्हला की तो काय सांगतो ते नीट ऐकायचे, पण लगेच त्यावर विसंबायचे नाही. तो खोटे कधीच बोलत नाही, पण त्याला स्वतःच्या चार भिंतींपलीकडचे काही दिसत नाही. आपल्याकडे बखरी वाचताना हेच करावे लागते. बखरकार आपल्या धन्याच्या दरबारातून पाहतो. त्याच घटनेचे दुसऱ्या बाजूचे पत्र सापडले की मग अर्थ लागतो. पाहुण्याची बखर त्याच्या घरात असते. जर्नलसीटीएल ही आज्ञा दिली की तो ती वाचून दाखवतो, अगदी मागल्या खेपेला सुरू झाला होता तेव्हाचीसुद्धा. यजमानाकडे व्हीबॉक्स डॉट लॉग नावाची दुसरी वही असते. दोन्ही वह्या शेजारी ठेवायच्या आणि तारीखवार ताडून पाहायच्या. माझा अनुभव असा की, निम्मी दुखणी ना या घरातली असतात ना त्या घरातली. ती उंबरठ्यावरची असतात.

एकदा काम ऐन रंगात असताना पाहुणा आहे तिथे थिजला. त्याच्या बखरीत अवाक्षर नव्हते. बरोबरच आहे, झोपलेला माणूस झोप लागल्याची नोंद कशी करील? यजमानाच्या वहीत मात्र स्वच्छ लिहिले होते: यजमानाची डिस्क भरली, सबब पाहुण्याचे काम तहकूब. पाहुण्याला पन्नास गीगाबाइटांची कोठी कबूल केलेली असते, पण ती पहिल्या दिवशी भरून देत नाहीत. तो जसजसे मागेल तसतशी ती वाढत जाते. आणि इकडे यजमानाच्या कोठीत आमच्या भाच्याच्या लग्नाचे अखंड चित्रीकरण येऊन पडले होते. हळदीचे तीन तास हलवल्याबरोबर पाहुणा अर्धवट राहिलेला शब्द पुरा करून पुढे चालू लागला.

आणखी एक दुखणे सांगते, कारण त्याचे चिन्ह सासूबाईंना फार आवडले. पाहुणा एकाएकी अतिशय मंद झाला आणि त्याच्या खिडकीच्या तळाशी एक हिरवे कासव येऊन बसले. हे कासव आज्ञावलीनेच दाखवलेले असते. प्रोसेसरमध्ये २००५-०६ पासून या सोंगासाठी एक खास सोय असते. पुष्कळदा यजमान प्रणालीची स्वतःचीही अशाच सोंगांची एक व्यवस्था असते, आणि ती जागी झाली की ती सोय आधी ती अडवते. मग व्हर्च्युअलबॉक्सला तिच्या हाताखालून वाट काढावी लागते. यजमानाच्या त्या व्यवस्था बंद केल्या की कासव जाते. "जाऊ दे की, बसू दे," सासूबाई म्हणाल्या. "देवळात देवापुढे कासव असतंच."

पण यातले काहीही ज्याच्यापुढे किरकोळ वाटावे, असे दुखणे गेल्या पावसाळ्यात आले. सरांच्या फायली युनिकोडमध्ये आल्या होत्या आणि दर शनिवारी दुपारी काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, आमच्या घरी येऊन एकेक शब्द तपासत होत्या. मी वाचायचे, त्यांनी सांगायचे, मी पाहुण्याच्या घरात लिहायचे. काकूंनी पंच्याऐंशी ओलांडली आहे, दृष्टी अधू झाली आहे. पण हळूहळू माझ्या ध्यानात आले की, स्वयंपाकघरातले निम्मे शब्द सरांना त्यांनीच दिलेले आहेत. सरांनी 'वैल' या शब्दापुढे 'चुलीचा भाग' एवढेच लिहिले होते. काकू म्हणाल्या, "चुलीला जोडून असतो तो. त्यावर शिजत नाही, शिजलेलं ऊन राहतं. यांना कधी चूल फुंकावी लागली नाही ना!" ते मी लिहून घेतले. असे शे-दीडशे शब्द झाले की संध्याकाळी सबंध काम बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवायचे, असा शिरस्ता होता.

त्या शनिवारी संध्याकाळ होण्याआधीच वीज गेली. घरचा संगणक जुना, मेजावरचा. त्याच्या बॅटरीने मिनिटभर शिट्टी मारली आणि मान टाकली. वीज आल्यावर यजमान सुखरूप उठला. पाहुणा उठेना. काळ्या पडद्यावर एक ओळ उमटली: फाइलींच्या व्यवस्थेत अनपेक्षित विसंगती, एफएससीके हाताने चालवा.

मी जर्मनीला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, आधी कशालाच हो म्हणू नका. पाहुण्याला आहे तसा बंद करा आणि त्याची नक्कल करून ठेवा."

"स्नॅपशॉट घेऊ का?"

"नको. स्नॅपशॉट म्हणजे नक्कल नव्हे. तो मूळ फाइलीवरच उभा असतो. मूळ गेलं की तोही गेला. सबंध क्लोन करा."

माणसाच्या दुखण्यात जे कोणत्याही वैद्याला साधत नाही ते इथे साधते: रोग्याची हुबेहूब प्रत काढून ठेवता येते आणि औषधाचे प्रयोग प्रतीवर करता येतात. प्रत निघायला तासाहून अधिक वेळ लागला. तेवढ्या वेळात मी स्वयंपाक केला, पण कोणती भाजी केली ते मला आज सांगता येणार नाही. मग प्रतीवर एफएससीके चालवले. ही आज्ञा फाइलींच्या व्यवस्थेची जमाबंदी करते: कोणत्या फाइलीच्या नावावर कोणता गट, कोणता गट बेवारशी, कोणत्या गटावर दोघांचा दावा. प्रत्येक भानगडीला ती विचारते, दुरुस्त करू का? मी प्रत्येकाला हो म्हटले. पाहुणा उठला. पडदा आला. सरांचा संग्रह असलेला फोल्डर उघडला. मागल्या शनिवारपर्यंतचे सगळे होते. त्या दिवशीची फाइल नव्हती.

"लॉस्ट अँड फाउंडमध्ये बघा," तो म्हणाला.

लिनक्सच्या या जातीच्या प्रत्येक डिस्कवर या नावाची एक खोली असते. जमाबंदीत ज्या फाइली सापडल्या पण ज्यांचे नाव-गाव हरवले, त्या तिथे आणून बसवतात. नाव ठाऊक नसल्यामुळे प्रत्येकीच्या गळ्यात नुसता क्रमांक बांधलेला. जत्रेतल्या चौकीत चुकलेली मुले ओळीने बसवलेली असतात तशी ती खोली दिसत होती. सात क्रमांक होते. नुसत्या क्रमांकावरून आत मजकूर आहे की चित्र ते कळत नाही, पण फाइल नावाचीच एक आज्ञा आहे, ती प्रत्येकीची जात सांगते. पाच कसल्यातरी अंतर्गत कामाच्या निघाल्या, एक रिकामी. सातवीपुढे लिहून आले: युनिकोड मजकूर. ती उघडली. पहिली ओळ होती, "वैल : चुलीला जोडून असतो तो."

फाइल जवळजवळ सबंध होती. शेवटचे तीन शब्द मात्र गेले होते, आणि चौथ्याची नोंद मध्येच तुटली होती: "उतरंड : एकावर एक". रात्रीचे साडेनऊ वाजले होते. मी काकूंना फोन केला. त्या जाग्या होत्या. मी सगळी हकीकत सांगायला सुरुवात केली, तर मध्येच म्हणाल्या, "तुझं ते यंत्र राहू दे. कोणते शब्द गेले तेवढं सांग."

'उतरंड' तुटला आहे, 'रोवळी' गेला आहे, 'कणगी' गेला आहे, 'वैरणे' गेला आहे.

"वैरणे आधी घे," काकू म्हणाल्या. "बाकीचे उद्या सांगितले तरी चालतील. ते तुला पुस्तकातही मिळतील. वैरणे म्हणजे जात्याच्या तोंडात मुठीमुठीनं दाणे सोडायचे. मूठ फार भरली तर पीठ जाड येतं, फार रिती सोडली तर दगडावर दगड घासतो. ओवी म्हणताना हात आपोआप बरोबर पडतो. लिहिलंस?"

"हो, लिहिलं."

"वाचून दाखव."